बिनकानाचा कप

"जात बदलती, काकू. लई टाइम लागतो, पन बदलती." आमच्या चौसाळ्यातला डिशवाला हे येता-जाता म्हणायचा, आणि मी शहाणी त्याचा भलताच अर्थ लावून बसले होते.

गावात नुकतंच केबल आलं होतं. त्याची डिश आमच्या गच्चीवर. सगळा धंदा त्या तिरक्या परातीवर. तिच्या सावलीत बसून तो कव्हर फाटलेलं एक जुनं पुस्तक वाचायचा. आडनाव विचारलं की हसून म्हणायचा, "डिशवाला." आता तुम्हीच सांगा, सरळ माणूस आडनाव कशाला लपवेल?

एकदा जिन्यात कान लावून उभी राहिले. तो किराणावाल्याला सांगत होता, "आधीची जात ऱ्हात न्हाई, शेठ. मागून तर वळखू बी येत न्हाई."

झालं. दुसऱ्या दिवसापासून त्याचा चहा कान तुटलेल्या कपात, आणि तो कप कठड्यावर वेगळा पालथा. तेव्हा मी स्वतःला सुधारलेली समजायची. इंग्रजी बातम्या लावून बसायची, कळायचं एक अक्षर नाही. तो कपाची कड दोन बोटांत धरून चटके सोसत प्यायचा.

शेवटी मीच गच्चीवर गेले. "तुमची कोणती बदलली ते सांगा, नाहीतर डिश उचला."

तो बघतच राहिला. मग पुस्तक उघडून वाचू लागला. लाखो वर्षांनंतरची माणसं, यंत्रापुढं बसून बसून डोकी भोपळ्याएवढी, पाय काडीसारखे. "माकडाचा मानूस झाला, मग मानसाचं म्होरं काय, आसं कुनीतरी लई मागं लिवलंय. ही जात, काकू. मानसाची. तुमी समदे टीव्हीपुढं बसता, तवा मी पायच बघतो."

मी पाय लुगड्यात ओढून घेतले.

"तुमाला कोनती वाटली?"

मी तडक जिना उतरले. डिश राहिली.

पुढं घरोघर छोट्या डिशच्या छत्र्या आल्या आणि तो गाव सोडून गेला. डिशचा गंजका खांब अजून आहे. त्याला मी कपडे वाळत घालायची दोरी बांधते. नातवंडं मोबाइल घेऊन बसली की त्यांच्या पोटऱ्या चाचपते. त्याचं आडनाव मला आजही ठाऊक नाही, आणि विचारायची खाज गेली असं काही शपथेवर सांगणार नाही.

पण गच्चीवरच्या त्या बोलण्यानंतर दुसऱ्या दिवशी मी त्याला आमच्या घरातल्या कपात चहा दिला होता. कप फिरवून फिरवून बघत तो म्हणाला,

"कपाला कान उगवला की, काकू. लवकर झालं. पुस्तकात तर लाखो वर्सं लागत्यात."