दाढ दुखत असताना दातांच्या संग्रहालयात

१४ मार्च, शनिवार. सकाळी सहाला इंगोलश्टाटहून निघालो. लाइपझिगपर्यंत मोठी रेल्वे, पुढे छोटी गाडी, मग बस. दंतवैद्यकीचं संग्रहालय पाहिलं. संध्याकाळी सातला घरी.

कुणाला जायचं असेल तर थोडं सविस्तर लिहितो.

आम्ही जर्मनीत आलेली मंडळी दर महिन्याला आरोग्य विमा भरतो आणि दात मात्र भारताच्या सुट्टीसाठी राखून ठेवतो. मी अकरा वर्षं तेच केलं, कारण माझे बाबाच सांगलीत दातांचे डॉक्टर होते. दुसऱ्या कुणाचा हात माझ्या तोंडात कधी गेला नाही. बाबा जुलैत गेले. डावी दाढ ऑगस्टपासून दुखते आहे. बायको मानसी म्हणाली, डॉक्टरकडे टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घे. मी संग्रहालयाची घेतली.

"दाढ दुखते म्हणून म्यूझियम? उद्या पोट दुखलं तर कुठे जाशील?" मानसी म्हणाली.

नऊ वर्षांच्या रेवाने विचारलं, "पापा, हास्ट डू आंग्स्ट?" म्हणजे, तुला भीती वाटते का?

मी म्हणालो, इतिहासाची आवड आहे. दहावीला इतिहासात मी कसाबसा पास झालो होतो.

तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं. शनिवारी खेड्यातल्या बस कमी असतात, परतीची वेळ आधी पाहून ठेवा. डबा न्या. मी पोळीभाजी नेली होती आणि ती उजव्या बाजूने खाल्ली.

संग्रहालय दाखवणाऱ्या बाई सत्तरीच्या, स्वतः निवृत्त दंतवैद्य. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दात उपटायचे ते न्हावी आणि जत्रेतले फिरते लोक. ओरडणं ऐकू जाऊ नये म्हणून शेजारी ढोल वाजवत. पुढे गुंगीचं औषध आलं, रबराच्या कवळ्या आल्या, आणि शतक संपता संपता विद्यापीठांत शिक्षण सुरू झालं. मी सगळं मान हलवत ऐकलं. ढोलाची कल्पना मला पटली.

मग पायाने चालवायचं ड्रिल आलं. शिलाई मशीनसारखं पेडल, वर दोरी. बाबांकडे त्यांच्या गुरुजींचं असंच एक होतं. लोडशेडिंग असलं की ते काढत आणि काम अर्धंही झालेलं नसताना "झालं, झालं, संपलं" म्हणत. बाईंनी पेडल दाबून दाखवलं. तोच आवाज. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. माझ्या बुटांना नाडी नाही, चेन आहे.

बाईंनी मला टेबलाकडे नेलं. कॉफी आणि केक दिला. मी खाताना त्या पाहत होत्या.

"डावीकडे कधीपासून दुखतं?"

"ऑगस्टपासून."

"आणि तुमचे डॉक्टर काय म्हणतात?"

"ते वारले. माझे वडील होते, सांगलीत."

त्यांनी कप खाली ठेवला. "मी दवाखाना बंद केला तेव्हा माझेही काही पेशंट रुसले होते. एक आजोबा तर दोन वर्षं कुणाकडे गेले नाहीत. शेवटी तीन दात गमावले. परीक्षा, परवाना हे सगळं कशासाठी आलं? अनोळखी माणसापुढे तोंड उघडता यावं म्हणून. तुमच्या वडिलांपुढेही सांगलीतले अनोळखी लोकच बसत होते ना?"

"या," मी म्हणालो, म्हणजे हो. जर्मनमध्ये मला वादविवाद जमत नाही. मराठीतही जमला नसता.

पुढचा दीड तास बसची वाट पाहण्यात गेला. तेवढ्यात मी आमच्या गल्लीतल्या दंतवैद्याची गुरुवारची टेर्मिन फोनवरूनच ऑनलाइन घेतली. बसची वेळ आधी बघा असं वर लिहिलं आहे, मी बघितली नव्हती.

संग्रहालय पाहण्यासारखं आहे. माझ्याजवळ त्यातलं किती राहील, माहीत नाही. तो आवाज राहील.

रविवारी मानसी आणि रेवा पोहायला गेल्यावर मी दवाखान्याचा फॉर्म भरायला बसलो. ॲलर्जी, नाही. रक्तदाब, थोडा. शेवटचे उपचार कोणी केले, या रकान्यात बाबांचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे डॉक्टर लावून. फोन नंबरची जागा मोकळी सोडली. खाली सही केली, फॉर्म पाकिटात घातला आणि जिभेने पाकिटाचा डिंक ओला करून ते बंद केलं.