तारीख खिडकीवर मिळेल

शाळेच्या ऑफिसला एक खिडकी आहे आणि त्या खिडकीमागे गेली एकोणीस वर्षं एकच बाई बसते. कागदोपत्री ती लेखनिक. पण पोरं तिला सूचनामावशी म्हणतात आणि पोरांचं ऐकून त्यांचे आईबापही. शाळेतून घरी जाणारा प्रत्येक कागद तिच्या हातून निघतो: उवांचा, लसीचा, हरवलेल्या मोज्यांचा. घरी पोचल्यावर त्या कागदाचं काय होतं, हेही तिला पाठ आहे. एकाची होडी होते, दुसऱ्यात पेन्सिलीची टरफलं गुंडाळली जातात, तिसरा दप्तराच्या तळाशी केळ्याखाली शेवटचा श्वास घेतो. तीच सूचना पालकांच्या ग्रुपवर टाकली तर दीड मिनिटात चाळीस अंगठे येतात. आणि दुसऱ्या मिनिटाला फोन.

फोनवर कोण आहे हे तिला नाव न सांगता कळतं. "हॅलो! हॅलो! हॅलो!" असं तीनदा ओरडून वर "कोण बोलतंय?" असं तिलाच विचारतो, तो जुळ्यांचा बाप. "मावशी, कामात नाही ना? असाल तर ठेवते. ठेवू? बरं, ऐका..." ही बेकरीवाली. आणि आधी एक लांबलचक श्वास, मग खोकला, मग "मी बोलतेय" एवढंच, ती दुसरीतल्या एका मुलीची आजी. जगात 'मी' जणू एकच! फोन ठेवला की मावशी हे सगळे आवाज शिपाईकाकांना हुबेहूब काढून दाखवते आणि काका हसता हसता घंटा द्यायची विसरतात.

ऑफिसच्या मागे एक चिंचोळी खोली आहे. पूर्वी तिथे मोडकी बाकं पडलेली असायची. मावशीने ती झाडून घेतली, एक कपाट ओढून आणलं आणि पोरांसाठी पुस्तकं मांडली. या कामाचा ना हुद्दा, ना हुकूम. मधल्या सुट्टीत एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात वही, असा कारभार. धड अक्षरओळख नसलेलं पोर तिथे येऊन नुसती चित्रं बघतं आणि दोन महिन्यांनी "मावशी, यातली मगर शेवटी असं का वागली हो?" म्हणून तावातावाने भांडायला येतं. ते भांडण ऐकायला मिळावं म्हणून ती उरलेला दिवस उवांच्या सूचना टाईप करते.

मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, ती खोली झेरॉक्स मशीनसाठी हवी होती.

"त्रेसष्ट पुस्तकं बाहेर," वहीवर बोट टेकवत त्या म्हणाल्या. "हे वाचनालय नाही, गळकी बादली आहे. शुक्रवारी चारपर्यंत त्रेसष्टच्या त्रेसष्ट परत आली तर खोली तुमची. एक जरी कमी पडलं, तर कपाट माळ्यावर."

"आणते, बाई," मावशी म्हणाली. तोंडाने. बोट मात्र वहीतली नावं मोजायला लागलं होतं.

सत्र संपायला चार दिवस होते आणि सत्राअखेरची सूचना अजून निघायची होती. ती मोठ्या बाई स्वतः घडवत. 'सर्व सुजाण पालकांस सहर्ष कळविण्यात येते की' इथून सुरुवात आणि पुढे चौदा मुद्दे. पुस्तकांचा मुद्दा बारावा, डब्यांच्या झाकणांच्या खाली आणि गॅदरिंगच्या मिशा परत करण्याच्या वर. पाच वेळा कागद दुरुस्त झाला. 'सहर्ष' की 'आनंदपूर्वक' यावर अर्धा तास गेला. 'मिशा' खोडून 'कृत्रिम मिशा' झालं. शेवटी सही, शिक्का, आणि मंगळवारी दुपारी कागद घरोघर.

बुधवार दुपारपर्यंत चार पुस्तकं आली. आणि अठ्ठावीस मिशा.

मावशीने डबा न उघडताच बाजूला सारला. तेवढ्यात फोन वाजला.

"हॅलो! हॅलो! हॅलो! कोण बोलतंय?"

"शाळा बोलतेय. बोला."

"शाळा पुन्हा कधी उघडते?"

"अहो, पहिलाच मुद्दा आहे. वाचा की जरा कागद!"

"वाचलाय! तिथे नुसती रेघ आहे!"

मावशीने कागद ओढला. 'शाळा दिनांक ________ रोजी पुन्हा सुरू होईल.' पहिला मसुदा झाला तेव्हा वरून तारीख आली नव्हती, म्हणून तिने जागा सोडली होती. तारीख सोमवारीच आली. टेबलावर काचेखाली ठेवलेली होती. पण मिशा कृत्रिम करण्याच्या नादात ती रेघ कुणालाच दिसली नाही. तिला नाही, मोठ्या बाईंना नाही.

"थांबा हं, लगेच ग्रुपवर टाकते," ती म्हणाली आणि मोबाईल हातात घेतला. तारीख लिहिली. बोट बटणापाशी नेलं.

तेवढ्यात पुन्हा फोन. लांब श्वास, खोकला. "मी बोलतेय. शाळा कधी उघडते गं?" तो ठेवला तर बेकरीवाली: "कामात नाही ना?" पाच मिनिटांत नऊ फोन! एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच लोकांनी सूचना शोधून काढून वाचली होती. जी गोष्ट सगळ्यांना हवी, नेमकी तीच त्यात नव्हती म्हणून.

मावशीने लिहिलेलं पुसलं. नवीन ओळ टाकली: 'तारीख खिडकीवर मिळेल. येताना घरातलं शाळेचं पुस्तक घेऊन यावं.'

"ताई," काका हळूच म्हणाले, "मोठ्या बाईंना कळलं तर?"

"मीच सांगणार आहे. पण शुक्रवारी."

गुरुवारी मोठ्या बाई बैठकीसाठी बाहेर होत्या आणि सकाळपासून खिडकी ते फाटक अशी रांग. ज्यांच्याकडे पुस्तक नव्हतं त्यांना मावशी काही न विचारता तारीख देई. वहीत नाव असेल त्यांच्याकडे नुसता हात पुढे करी. बेकरीवालीने दिलेल्या पुस्तकातून मैद्याचा धूर निघाला. "आमच्याकडे सगळंच असं असतं हो. ठेवू? की झटकू?" एका सुताराने पुस्तक देताना मान खाली घातली. "टेबलाच्या पायाखाली होतं, मावशी."

"सुताराच्या घरात टेबल डुगडुगतं?"

मागची रांग फिस्सकन हसली. सुतारही.

आजी आल्या त्या पुस्तक छातीशी धरूनच. "देते. पण दोन पानं राहिलीत."

"आजी, हे नातीचं आहे ना?"

"तिचं केव्हाच झालं. ती मला शिकवतेय. मला घाई करू नकोस."

आजी भिंतीला टेकून, बोट फिरवत, एकेक अक्षर लावत बसल्या. मागचे चुळबुळले, पण पुढे जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. अर्ध्या तासाने पुस्तक खिडकीत आलं. "चांगलं संपवलंय," आजींनी निकाल दिला. "आता तारीख सांग."

शुक्रवारी साडेतीनला बासष्ट झाली होती. देवमाशाचं पुस्तक तेवढं बाकी. मोठ्या बाई घड्याळ बघत आल्या आणि रांग बघून थबकल्या. "एवढी गर्दी कसली?"

मावशीने सूचना पुढे केली. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. "ही रेघ..."

"तुमच्या सहीच्या वर आहे, बाई. आणि माझ्या हातची आहे."

"मी पाच वेळा वाचलं हे!"

"मी सहा."

बाईंनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "चूक दोघींची. पण बासष्ट म्हणजे त्रेसष्ट नव्हे."

"हॅलो! हॅलो! हॅलो!" आवाज फोनमधून नाही, फाटकातून आला. जुळ्यांचा बाप धावत येत होता आणि त्याच्या हातात देवमासा होता, फुगून दुप्पट झालेला, कोपऱ्यांवर कपड्यांच्या चिमट्यांचे वळ. "बादलीत पडलं होतं! तीन दिवस दोरीवर वाळत घातलंय! एकेक पान इस्त्री केलंय, मावशी!"

मावशीने पानं मोजली. सगळी होती. "त्रेसष्ट!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की काकांनी वेळ न बघताच घंटा दिली.

रांग मात्र संपेना. मागे एक नर्सबाई उभी होती, तिच्या मुलाला शाळा सोडून सहा वर्षं झाली होती. "शेजारणीने सांगितलं, पुस्तकं मागतायत म्हणून. माळ्यावर सापडलं." तिच्यामागे आणखी एक, त्याच्यामागे दोघं. चालू वहीत नसलेली, जुन्या वह्यांत हरवली म्हणून तांबडी रेघ मारलेली पुस्तकं एकेक करून खिडकीत येत राहिली. चौसष्ट. सदुसष्ट. एकाहत्तर.

कपाटाचं दार लागेना. मोठ्या बाईंनी ते खांद्याने रेटून बघितलं, एकदा, दोनदा. मग कपाळावरचे केस मागे सारत त्या रांगेकडे वळल्या. "पालकांत कुणी सुतार आहे का? बोलवा त्यांना. इथे नवी फळी लागेल."

सुतार भाच्याला शाळेतून न्यायला आलाच होता. तो कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर खूण करू लागला.

"किती उंच घेऊ, मावशी?"

मावशीने एकदा खोलीकडे बघितलं, एकदा पुस्तकांच्या ढिगाकडे.

"वाढत्या अंगाचं माप घ्या," ती म्हणाली.