बँडच्या सरांना न सांगता

आमच्या बँडच्या सरांना एकही वाद्य वाजवता येत नव्हतं. बिगूल तोंडाला लावला की गाल फुगायचे, डोळे मोठे व्हायचे, पण आवाज काही बाहेर पडायचा नाही. ते मूळचे भूगोलाचे. बँड कोण घेणार, असं हेडमास्तरांनी एका मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा बाकीचे सगळे शिक्षक खिडकीबाहेर बघायला लागले आणि हे एकटेच नेमके हेडमास्तरांकडे बघत राहिले. तेवढ्या चुकीवर ते निवृत्त होईपर्यंत बँडचे सर होते.

आमचं हायस्कूल वरंधच्या रस्त्याला लागून. सर खाली तुडीलचे. आठवडाभर शाळेजवळ खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीला घरी जायचे. न येणारी विद्या त्यांनी मिळवली ती लोकांच्या लग्नांतून. कुठे हळद असली की जेवायला बसण्याआधी सर खालूबाजावाल्यांपाशी जाऊन बसत. ते सनई-ढोलात रंगलेले असताना सर मांडीवर बोटं आपटून ठोका उचलत, आणि सोमवारी तोच ठोका आमच्यापुढे येई. त्यामुळे आमचं संचलन सुरू झालं की पाहुण्यांतली म्हातारी माणसं माना डोलवायची. एका सव्वीस जानेवारीला तर एक आजोबा खुर्चीवरून उठून चक्क नाचले. हेडमास्तर संतापले. सर शांतपणे म्हणाले, "त्यांचा पाय उचलला ना? मग वाजलं."

बँडमध्ये नाव घातलं म्हणजे ढोल मिळाला असं नव्हतं. पहिलं वर्षभर कारवीच्या दोन काठ्या आणि वर्गातला बाक. काठ्या ज्याने त्याने रानातून आणायच्या, सोलायच्या, वाळवायच्या. ठोका तोंडी पाठ व्हावा म्हणून सर एसटीच्या पाट्या म्हणायला लावत: महाड, महाड, पोलादपूर. पन्नास वेळा महाड-पोलादपूर करून जीभ दुखायची, पण हात आपोआप बरोबर पडायचा. कोणी चुकून थांबला की मात्र सर चिडत. त्यांचं म्हणणं, चूक झाली ती मागे राहिली, तू कशाला तिच्यापाशी थांबतोस? "पुढच्या डाव्या पायाला ठोका धर," एवढंच सांगत. आजही माझं काही बिनसलं की मी मनातल्या मनात डावा पाय शोधते.

पावसाळा हा बँडचा शत्रू. आमच्याकडचा पाऊस असा की भिंतीसुद्धा घाम फुटल्यागत ओल्या होतात, मग ढोलाच्या कातड्याची काय कथा! ते लोळागोळा व्हायचं, काठी मारली तर भिजल्या गोणपाटावर मारल्यासारखी वाटायची. म्हणून जून लागला की सर ढोल मुलांच्या घरी वाटून देत. चुलीपासून हातभर लांब खुंटीला टांगायचा, रोज एकदा फिरवायचा, आणि शाळेत आणून सरांना वाजवून दाखवायचा. जवळ टांगला तर कातडं तडकणार, लांब टांगला तर सुटणार. आमच्या घरी त्या खुंटीवर सुकटीची टोपली असे. आईने ती कुरकुर करत हलवली आणि ढोल टांगला. तो पुढे संपूर्ण पावसाळा सुकटीचा वास मारत होता. सरांनी एकदा वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरंय." यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्याकडून कुणाला मिळाल्याचं मी ऐकलं नाही.

इतकं सगळं मागणारे सर गैरहजेरीला मात्र अगदी मऊ होते. म्हैस व्यायला आलीये, भात लावणी आहे, अंगात कणकण आहे, काहीही सांगा, सर जा म्हणत. पण सांगायला हवं. स्वतः येता येत नसेल तर शेजाऱ्यापाजाऱ्याकडून निरोप धाडायचा. एक मुलगा न सांगता मामाकडे जाऊन आला, तर सरांनी त्याला दिवाळीपर्यंत काठीला हात लावू दिला नाही. त्याने पाया पडून झालं, त्याच्या बापानेही शाळेत येऊन सांगून बघितलं. सर म्हणाले, "मी नाव हाकारलं नि रांगेतनं कोणच बोललं नाय, ते मला चालायचं नाय." आम्हाला वाटे, सरांना त्यांच्या हजेरीचा भारीच अभिमान आहे.

आठवीत मोठा ढोल माझ्याकडे आला. आमची वाडी डोंगरात, पाच घरांची, मधल्या ओढ्यावर साकव, तोच काय तो लाकडी पूल. हायस्कूलला जाणारी वाडीतली मी एकटीच. पंधरा ऑगस्टला सगळ्यांत पुढे, मोठा ढोल गळ्यात, अशी मी चालणार होते. चौदा तारखेला सरावानंतर ढोल शाळेत जमा केले आणि घरी आले, तर दारात मुंबईला कामाला असलेल्या बाबांच्या चपला. त्यांना मुंबईत खोली मिळाली होती, माझ्या शाळेचंही झालं होतं. सुट्टी फक्त उद्याची. सकाळच्या पहिल्या गाडीने निघायचं ठरलं. सरांना सांगून येते म्हटलं तर बाबा म्हणाले, तिकडे गेल्यावर पत्र टाक.

आम्ही उतरलो तेव्हा ओढ्याचं पाणी साकवाला टेकलं होतं. गाडी शाळेवरूनच गेली. फाटकापाशी सर छत्री घेऊन उभे होते, कोण कोण आलं ते बघत. खिडकी उघडी होती. मी हाक मारू शकले असते. पण दिवाळीपर्यंत काठी न मिळालेला तो मुलगा आठवला, सरांचा चेहरा कसा होईल ते आठवलं, आणि मी बाकाखाली काहीतरी पडल्यासारखं करून वाकले. शाळा मागे गेल्यावरच सरळ बसले. पत्र मी कधीच टाकलं नाही. आज टाकू, उद्या टाकू करता करता इतके दिवस गेले की पत्र टाकायचीच लाज वाटायला लागली.

मुंबईच्या शाळेत बँड नव्हता. असता तरी मी गेले नसते. पण कुठेही ढोल ऐकला की आतून काहीतरी ओढ घेई. लग्न झालं, मुलगी झाली, आणि गेल्या मे महिन्यात तिला गाव दाखवायला नेलं तेव्हा धीर करून तुडीलला गेले. सरांना जाऊन दोन वर्षं झाली होती. ओटीवर काकू, सरांच्या पत्नी, तांदूळ निवडत होत्या. मी नाव सांगितलं, वाडी सांगितली. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"ढोलवाली काय तू?" त्या म्हणाल्या. "तुझ्यापायी त्या दिवशी केवढं झालं गो."

मी मान खाली घातली. बोलणी खायलाच आले होते.

काकू सांगत गेल्या. हजेरीत माझं नाव आलं, उत्तर आलं नाही. इतक्यात कोणीतरी साकवावरून पाणी जातंय म्हणालं. झेंडा व्हायच्या आधीच सर बँड तसाच सोडून ओढ्याकडे गेले. काठाकाठाने, झुडपं चाचपत, पार खाली नदीला ओढा मिळतो तिथपर्यंत. दुपारी पाणी उतरल्यावर आमच्या वाडीवर चढले, तेव्हा शेजारच्यांनी सांगितलं की आम्ही पहाटेच मुंबईला गेलो. सर संध्याकाळी तुडीलला आले ते कमरेपर्यंत चिखलात.

"खूप रागावले असतील," मी म्हटलं.

काकूंना माझं बोलणं कळलंच नाही असं वाटलं. "रागवतील कशाला? ओल्या कपड्यानं हितंच बसले. 'पोर गाडीत होती गो, गाडीत होती,' एवढंच दोनदा म्हणाले नि रडले. त्यांना रडताना मी तेवढंच बघितलं."

मुलगी माझा पदर ओढत होती, आई काय झालं म्हणून विचारत होती. उघड्या खिडकीतून मी एक हाक मारली असती, तर सर छत्री हलवून जा म्हणाले असते.