येसूबाईचे रावस

हर्ण्याची येसूबाई मासा साफ करताना खाली बघायची नाही. तोंड गप्पांत, हात कामात. पोटाला एक चीर, आत बोट घातलं की सगळं बाहेर. साऱ्या बंदरात या कामात तिचा हात धरणारी बाई नव्हती, आणि हे तीच दिवसातून दोनदा सांगायची. सांगेना का! खरं तेच सांगत होती.

१९३१ साली विलायतेतल्या एका नामांकित विद्यापीठाचे प्रोफेसर माशांच्या अभ्यासाला हर्ण्यात आले. तिच्या नवऱ्याच्या, भिकाजी तांडेलाच्या होडीतून महिनाभर फिरले. शाळेचे दादू मास्तर दुभाषे झाले. भिकाजी म्हणाला, "रावस दिवाळीपर्यंत कोळंबी खातो सायब, पण थंडी पडली का मांदेलीवर जातो." साहेब हसले. त्यांच्या विद्यापीठाच्या जाडजूड ग्रंथात रावस बारमाही कोळंबीच खात होता. "मासे पाठव, बघू," म्हणाले आणि आठ बरण्या न् मासे टिकवायचं, वासानेच डोकं उठवणारं औषध ठेवून गेले.

उभा जन्म दर्यावर काढलेल्या माणसाला पुस्तकाने खोटं पाडावं, हे भिकाजीच्या जिव्हारी लागलं. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत त्याने निवडून रावस आणले. बरण्या भरायचं काम येसूबाईचं. मासा आहे तसाच घालायचा, असं मास्तरांनी बजावलं होतं. पण परमुलखातल्या मोठ्या घरी घाणीसकट मासा पाठवायचा? शी! लोक काय म्हणतील? बाईने आठही रावस लख्ख साफ केले आणि बरण्या बोटीने रवाना झाल्या.

चार महिन्यांनी पत्र आलं. मासे उत्तम, पण पोटं कुठे आहेत? पोटांसाठीच तर मागवले होते!

भिकाजी ओरडला असता तर बरं झालं असतं. तो घरापुढच्या खळ्यात बसला आणि एवढंच बोलला, "म्हंजे मी खोटाच."

येसूबाईने दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी ती तडक मास्तरांच्या दारात.

"मास्तर, लिवा. दिवाळीतला रावस, पोटात कोळंबी. कार्तिकातला, थोडी कोळंबी, थोडी मांदेली. पौषातला, निस्ती मांदेली."

मास्तर थांबले. "वहिनी, तुम्ही तर खाली बघतच नाही!"

"बघायचं कशाला? कोळंबी बोटाला बोचते, मांदेली बोचत नाय."

आठही पोटांची हकीकत विलायतेला गेली. उत्तर आलं: नुसत्या सांगण्याला पुरावा म्हणता येत नाही; पण इतकं नेमकं सांगणारी बाई विचार करायला लावते. आणखी आठ बरण्या पाठवतो. कृपा करून पोटासकट भरा.

त्या साली बाईचे हाल विचारू नका. दर खेपेला अंगठा आपसूक पोटावर जायचा आणि ती तो मागे घ्यायची. शेवटची बरणी बंद करून तिने मास्तरांना लिहायला लावलं, "मासा असा पाठवतेय तो तुम्ही मागितलात म्हणून. मी आळशी बाई नाय."

पुढल्या पावसाळ्यानंतर पत्र आलं. मास्तरांनी ओट्यावर मोठ्याने वाचलं: तांडेल बरोबर होता, ग्रंथात दुरुस्ती होईल. भिकाजीने ते तीनदा वाचून घेतलं आणि तिसऱ्यांदा डोळे पुसले.

येसूबाई मात्र दारातच उभी. "आणि माझ्या आळसाचं काय लिवलंय?"

पत्रात त्याबद्दल अक्षर नव्हतं. मास्तरांनी कागद उलटा केला, जरा डोळ्यांजवळ धरला.

"लिहिलंय ना वहिनी. म्हणतात, बाई आळशी नाही, हे पहिल्याच वर्षी कळलं."