साहेबांची शिकवणी

ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंना लोक तोंडावर ‘मॅडम’ म्हणत आणि पाठीमागे ‘ब्रेकबाई’. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. सव्वीस वर्षं त्या शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसत आल्या होत्या आणि तिथे त्यांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा ब्रेक होता. समोरून सायकल येवो, मांजर येवो, शिकणाऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडायच्या आत बाईंचा पाय पडलेला असे. त्यांच्या गाडीत कधी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. लायसन्स हातात आल्यावर त्यातले निम्मे लोक पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी कुंपणात घुसत, पण तो बाईंचा दोष कसा? त्या तिथे नव्हत्याच ना!

त्यांचे वडील, अण्णा, दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहत. आई गेल्यापासून दोन वर्षं त्यांनी खिडकीजवळची खुर्ची धरली होती. डॉक्टर म्हणत, चाला. अण्णा म्हणत, हो. आणि खुर्चीतच जरा सरकून बसत. शेवटी बाईंनी एक तांबूस रंगाचं कुत्र्याचं पिल्लू आणून त्यांच्या पायाशी सोडलं. अण्णा म्हणाले, “घेऊन जा.” आठव्या दिवशी त्यांनीच त्याचं नाव ठेवलं, साहेब.

“छत्तीस वर्षं फायली घेऊन साहेबांच्या मागे धावलो,” ते म्हणाले. “एकदा तरी साहेब आपल्या हातात असावा की नाही?”

त्याच संध्याकाळी त्यांनी पलंगाखालचे बूट काढले, फुंकर मारून धूळ उडवली आणि ते साहेबांना घेऊन फाटकापर्यंत गेले. बाई स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडल्या.

पण साहेब वाढले. पाचव्या महिन्यात त्यांच्या अंगात असं काही बळ आलं की दोरी लावली रे लावली, की ते पुढे आणि अण्णा फरफटत मागे. “साहेब ओढतात, मी जातो. सवयच आहे मला,” असं अण्णा हसून म्हणत. मग एके दिवशी बेकरीसमोर साहेबांना पावाचा वास आला आणि अण्णा गुडघ्यावर आपटले. बाईंच्या धाकट्या भावाचा परगावाहून फोन आला. “ताई, पुरे झालं. रविवारी दहाला येतो आणि कुत्रा घेऊन जातो. माझ्या ऑफिसातला एकजण पाळायला तयार आहे.”

कुत्रा गेला की अण्णा परत खुर्चीत जाणार, हे बाईंना लख्ख दिसत होतं. “रविवारी आधी बघ, मग ठरव,” त्या म्हणाल्या. “कुत्र्याला चालायला शिकवते. चार हजार माणसं शिकवली आहेत मी.”

जनावरांच्या डॉक्टरांनी रीत सांगितली, ती अगदी सोपी. दोरी ताणली की झाडासारखं उभं राहायचं. ओढायचं नाही, ओरडायचं नाही. दोरी सैल झाली की त्याच क्षणी ‘छान’ म्हणायचं आणि आपल्या पायाशी त्याला उकडलेल्या अंड्याचा कण द्यायचा. बाईंनी सोमवारी सकाळी सहाला शिकवणी सुरू केली. पहिल्या दिवशी बेकरीपर्यंत जायला पाऊण तास लागला. बाई सारख्या झाड होत होत्या, आणि दूधवाला त्यांना वळसा घालून जाताना ‘मॅडम, गाडी बंद पडली का?’ असं विचारत होता. पण बुधवारी साहेब बाईंच्या गुडघ्याला चिकटून असे काही चालले, की पावाचा वाससुद्धा शरमला असता. बाईंची छाती फुगली.

गुरुवारी त्यांनी दोरी अण्णांच्या हातात दिली आणि आपण शेजारून चालू लागल्या.

“अण्णा, थांबा! आता, आता छान म्हणा. अहो, उशीर केलात! मीच म्हणते. छान! हे घे रे.” साहेबांनी जरा मान पुढे केली की ताण पडायच्या आतच बाईंचा हात दोरीवर. अण्णा बिचारे दोरीच्या टोकाला अडकवल्यासारखे चालत होते. साहेब तर मान वेळावून बाईंच्या खिशाकडेच बघत होते. शुक्रवारी बाई मुद्दाम दहा पावलं मागे राहिल्या. साहेब वळले आणि त्यांच्याकडे तोंड करून रस्त्यातच बसले. शनिवारी तोच तमाशा पुन्हा झाला.

“तुम्ही वेळेवर देत नाही, म्हणून होतं हे,” बाई वैतागल्या.

अण्णा बेकरीच्या पायरीवर बसले. “कशाने देऊ? अंडं तुझ्या खिशात, छान तुझ्या तोंडात आणि मध्ये हातही तुझाच. मला विचारायचं त्याला कारणच काय?”

माणूस बरोबर बोलत असला की राग जास्त येतो, तसा बाईंना आला.

रविवारी साडेआठला अण्णांनी अंड्याची डबी स्वतःच्या खिशात घातली. “तू इथेच बस,” म्हणाले, आणि निघाले. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. फाटकाजवळ दोरी ताणली. अण्णा थांबले. किती वेळ थांबले! साहेबांनी मागे वळून पाहिलं, बाईंना शोधलं, त्या पडद्याआड झाल्या. मग साहेब नाइलाजाने अण्णांच्या पायाशी आले. अण्णांचे ओठ हलले. दोघे बेकरीवरून पुढे गेले, कोपऱ्यावर वळले आणि दिसेनासे झाले.

पंधरा मिनिटांचा रस्ता. साडेनऊ वाजले तरी पत्ता नाही. दहाला भाऊ आला.

“अण्णा कुठे आहेत?”

“फिरायला गेलेत.”

“एकटे? ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?”

बाईंनी चपला घातल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या, चपला काढल्या. भाऊ बघतच राहिला. आणि सव्वादहाला दोघे उगवले, तेही भलत्याच दिशेने. अण्णांचा चेहरा उन्हाने लाल झाला होता, आणि दोरी त्यांच्या हातातून साहेबांच्या गळ्यापर्यंत अशी सैल लोंबत होती, की जमिनीला टेकायचीच बाकी.

“तळ्यापर्यंत गेलो होतो,” अण्णा म्हणाले. डबी रिकामी होती.

“सगळं अंडं यानेच खाल्लं?” बाईंनी विचारलं.

“निम्मं मी. भूक लागली होती.”

भावाने एकदा दोरीकडे पाहिलं, एकदा अण्णांच्या चिखलाने माखलेल्या बुटांकडे. “राहू दे मग इथेच,” म्हणाला आणि आत चहा टाकायला गेला.

बाईंचा जीव भांड्यात पडला. लगेच नेहमीचा उत्साह आला. “उद्या सहाला येते हं मी. वळणावर तो अजून जरा घाई करतो, तेवढं नीट करून घेऊ.”

अण्णा बुटाची नाडी सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“उद्या नको येऊस गं. तू असलीस की तो तुझ्याकडेच बघत राहतो.” दुसऱ्या बुटाची नाडी सोडून झाली. “मीही.”

बाई ‘बरं’ म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार! त्यांनी ती एवढीशी डबी घासायला घेतली, आणि भावाचा चहा पिऊन झाला तरी त्या घासतच होत्या.