काकांच्या नावावर काढलेला ईसीजी

आमच्या चौकात आज माझ्या भावाचं फ्लेक्स लागलंय आणि मला ते फाडून टाकावंसं वाटतंय.

युनिफॉर्ममधला फोटो, वर 'समाजाचा अभिमान', आणि खाली हात जोडलेले ढीगभर चेहरे. त्यातल्या निम्म्यांनी सुमेधला जिवंतपणी एकच प्रश्न विचारला होता.

"कधी जाऊन राहिला गा फॉरेनले?"

सुमेध माझा धाकटा भाऊ. पायलट. गेल्या वर्षी आजच्याच दिवशी गेला.

सगळे म्हणतात, अचानक गेला.

अचानक-बिचानक काही नाही. म्हणून आज लिहितेय.

आखातातल्या एका एअरलाइनची ऑफर होती त्याला. इथेही तो कॅप्टनच होता, पण तिकडे घर कंपनीचं, पोरीची शाळा कंपनीची. महिनाभर तो जाऊ की नको करत होता.

लोकांना वाटतं, लायसन्स एकदा मिळालं की जगात कुठेही चालतं. तसं नसतं. तिकडचं विमान उडवायला तिकडचं लायसन्स लागतं. त्यासाठी इथल्या सरकारी ऑफिसने तिथल्या सरकारी ऑफिसला लिहून द्यायचं की हा माणूस खरा, याचं लायसन्स खरं, याचं मेडिकल, म्हणजे तब्येतीचं सर्टिफिकेट, चालू आहे.

मेडिकल गेलं की सगळंच गेलं.

मी म्हटलं होतं, "आधी ते पत्र येऊ दे. मग राजीनामा दे."

"ताई, नोटीस पिरियड केवढा मोठा आहे! पत्राची वाट पाहत बसलो तं ऑफर जाईन ना वं."

दिला राजीनामा. कंपनीने लगेच ड्युटीच्या रोस्टरमधून काढलं. तो नागपूरला घरी येऊन बसला.

पत्र काही येईना. फोन केला की कुणीतरी सांगायचं, फाइल टेबलावर आहे. कुणाच्या टेबलावर, ते कुणी सांगायचं नाही. तिकडच्या नोकरीचं काम बघणाऱ्या एजंटचं एकच पालुपद, "प्रोसेसमध्ये आहे, सर."

आणि त्याच दिवसांत याच्या छातीत दुखायला लागलं.

धंतोलीत गाडी लावायला जागा मिळत नाही, पण हार्टचा डॉक्टर पावलोपावली मिळतो. आईचे डोळे दाखवायला आम्ही तिथे गेलो होतो. एक मजला चढून हा भिंतीला टेकला. शर्ट घामाने चिंब, डावा हात दाबून धरलेला.

"सुम्या, चल, आत्ताच्या आत्ता दाखवू. समोरच तर आहे हॉस्पिटल."

"नाही ना वं ताई. एकदा कागदावर आलं का मले डिक्लेअर करा लागते. मंग मेडिकल गेलं, पत्र गेलं. अन् इकडची नोकरी तं मी सोडून बसलो."

"अन् जीव गेला तं?"

"अ‍ॅसिडिटी आहे. काहून घाबरून राहिली?"

दोन दिवसांनी तोच म्हणाला, "दाखवलं ना वं, नॉर्मल आहे." मी विश्वास ठेवला.

खरं काय झालं ते तो गेल्यावर कळलं.

त्याच्या पायलट मित्रांच्या ग्रुपवर आयडिया आली होती. मी ते मेसेज स्वतः वाचलेत. "घरच्या कुणाच्या तरी नावाने टेस्ट करून घे भाई. सगळे करतात." खाली अंगठेच अंगठे.

नाव दिलं आमच्या मोठ्या काकांनी. कौतुकाने दिलं. पुतण्या कॅप्टन म्हणून तिकडे जाणार, हे त्यांनी सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं.

काकांची नोकरी कळमेश्वरच्या एमआयडीसीत झाली, तिथला एक लॅबवाला ओळखीचा. ईसीजीच्या टेबलावर झोपला सुमेध. कागदावर नाव काकांचं, वय काकांचं.

मग काका तो कागद घेऊन आपल्या डॉक्टरकडे गेले, आपलाच म्हणून. काकांचं हार्टचं दुखणं जुनं. डॉक्टरने विचारलं, "त्रास होतो का?"

काका म्हणाले, "नाही, मले काहीच नाही."

खोटं तरी काय बोलले?

डॉक्टर म्हणाला, थोडं बिघडलंय, पण या वयात आणि या दुखण्यात चालायचंच. एक गोळी वाढवली. काका घरी येऊन सुमेधला म्हणाले, "चालते म्हणे गा!"

एका सकाळी दाढी करता करता सुमेध बाथरूममध्ये पडला. धंतोलीला पोहोचेपर्यंत संपलं होतं. चाळिशीही आली नव्हती.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धवंदना झाली, लोक जेवायला बसले, तेव्हा त्या ग्रुपमधला एक मित्र मला बाजूला घेऊन गेला. वाटलं, सांत्वन करतोय.

"ताई, ते रिपोर्टचं बाहेर बोलू नका, प्लीज. उगाच सगळ्यांचंच मेडिकल कडक होईल. आमच्यातल्या काहींची प्रोसेस सुरू आहे."

हातात खिरीची वाटी होती त्याच्या. बोलता बोलता खात होता.

मी मागे मोरीत जाऊन ओकले. खरोखर ओकले.

किळस येते मला. त्या ग्रुपची, फाइल अडवणाऱ्या त्या टेबलाची, त्या एजंटची. आणि तुझीसुद्धा, सुम्या. शेकडो माणसं तुझ्या भरवशावर झोपा काढायची विमानात, आणि स्वतःच्या छातीसाठी तुला दुसऱ्याचं नाव लागलं?

ग्रुपवाल्यांनो, करा मला ब्लॉक. पण छातीत दुखत असेल तर स्वतःच्या नावाने जा.

वर्षभर मी काकांशी बोलले नाही.

गेल्या आठवड्यात काका ईसीजी काढायला गेले. या वेळी खरोखर स्वतःचा. डॉक्टरने मागचा कागद शेजारी ठेवून पाहिला आणि खूश झाला. "वा काका! मागच्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. काय केलं तुम्ही?"

काका तिथून थेट माझ्या घरी आले. आत आलेच नाहीत. दारात उभं राहून एवढं सांगितलं आणि म्हणाले, "काय सांगू वं बाई मी त्याले?"

हात धरून त्यांना आत घेतलं.

सुम्या, तुझ्या ताईचा तुला शेवटचा जय भीम.