वेल्ह्याच्या वाटेवरची करवंदं

त्या दिवशी मोपेडच्या टाकीत ऑइल न मिसळता मी नुसतंच पेट्रोल ओतलं होतं. परवा किकवीच्या फाट्यावर करवंदांची पाटी दिसली आणि पन्नासेक वर्षांपूर्वीची ती दुपार पुन्हा जिभेवर आली.

मे महिना होता. भोरहून वेल्ह्यापर्यंत माझी आणि माझा मित्र बापूची शर्यत लागली होती. भंगारातून उभी केलेली जुनी मोटारसायकल घेऊन तो केव्हाच पुढे गेला. ऑइलविना माझ्या मोपेडचं इंजिन चढावर जाम झालं. बापू येईलच शोधत, म्हणून मी झुडपांत शिरून करवंदं खात बसलो.

दुरून त्याची फटफट ऐकू आली. मी ऐन वळणावर, रस्त्याच्या मधोमध उभा राहून ऐटीत हात हलवले. स्वतःवर फार खूश होतो तेव्हा. मला चुकवायला त्यानं हॅन्डल फिरवलं आणि गाडीसकट तो दरीत गेला. मग नुसता तापल्या मातीचा आणि पेट्रोलचा वास.

बापूनं वाटेत ज्याला माझ्याबद्दल विचारलं होतं, त्या बैलगाडीवाल्या म्हाताऱ्यानं आणि मी त्याला वर आणलं, तेव्हा श्वास नव्हता. माझं लालजांभळं तोंड पाहून म्हातारा दचकला.

"तुमाला बी लागलं व्हय?"

"नाही आजोबा, करवंदं..."

त्यानं उपरण्यानं बापूचा चेहरा झाकला.

"ह्यो तुमाला हुडकत मेला, आन तुमी हितं करवंदं खात व्हता?"